बिनवासाची दारू

मखमलाबाद, नाशिक
८ जानेवारी २०२५

नाना,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण ज्या माणसाला सव्वीस वर्षांत साधी हाक मारली नाही त्याला एकदम तीर्थरूप म्हणणं जड गेलं. नुसतं नाना म्हणते. मी भाग्यश्री, तुमची मुलगी. दुसरी एखादी असेल तर मला ठाऊक नाही.

पत्ता पुंजारामने दिला. फुलबाजारात आपल्या शेजारी ज्याच्या बापाचा गाळा होता तो. सासुरवाडीला नांदगावला गेला होता, टेम्पो वजनकाट्यावर लावला आणि आत खुर्चीवर तुम्ही बसलेले. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, देवरामनाना हायेत. चांगले हायेत. खुर्चीवरून उठले नाय, पण ओळखलं मला." आईसमोर बोलला नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

नांदगाव! मी तुम्हाला कधी सुरतेला, कधी इंदूरला, कधी नर्मदेच्या काठी एखाद्या मठात बसवून ठेवलं होतं. तुम्ही निघालात एसटीत एक डुलकी होते तेवढ्या अंतरावर. त्याचा राग वेगळा आहे, तो नंतर काढीन.

फोन नंबरही मिळाला असता. पण फोन तुम्ही ठेवून द्याल. पत्र फाडावं लागतं आणि फाडायला बोटांत जोर लागतो. तो तुमच्या बोटांत आता उरला नसावा असा माझा अंदाज आहे. हा अंदाज मी कशावरून केला ते सांगायलाच लिहिते आहे.

दिवाळीत मी पांढऱ्या शेवंतीचे हार ओवत बसले होते. आई म्हणाली, "आगं, ही तांबडी शेवंती कुठून आली?" बघते तर सुई बोटात शिरून बाहेर येत होती, फुलं रक्ताने भरली होती, आणि मला पत्ता नव्हता. मग नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय बघितले, पोटऱ्या बघितल्या, आणि म्हणाले, पाय जुळवून उभ्या राहा, डोळे मिटा. मिटले आणि त्यांच्याच अंगावर पडले. ते म्हणाले, "अंधारात तोल जास्त जातो का?" मी म्हटलं, दिवेलागण झाली की मी भिंत धरूनच चालते. तेव्हा त्यांनी समजावलं. माझ्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही. मी डोळ्यांनी जमीन बघून उभी असते. उजेड गेला की आधार गेला.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचे पाय असे होते का? आई लगेच म्हणाली, "आमच्यात कोणालाच नाय." मला मात्र तुम्ही दिसत होतात. मळ्यातून संध्याकाळी येणारे. गुडघे उंच उचलत, पावलं आपटत, एक हात कुंपणावर. सकाळी सरळ चालणारा माणूस संध्याकाळी झोकांड्या खातो, म्हणजे तो प्यायलेला. सगळ्या मखमलाबादचा हिशोब एवढा सोपा होता.

आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. तीन डॉक्टरांची नावं आहेत म्हणे. शेवटी टूथ आहे, पण दातांशी संबंध नाही. आईकडून नाहीतर बापाकडून येतो. आईचे पाय तर ठणठणीत आहेत.

तुम्ही पीत नव्हतात, नाना. ते तुम्हाला माहीतच आहे. पण आता आणखी एका माणसाला माहीत आहे, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

घरी या. आईसमोर आणि सुनीलमामासमोर मी हे बोलणार आहे, आणि तेव्हा तुम्ही तिथे बसलेले मला हवे आहात. बाकी काही मागत नाही.

मी बरी आहे. हारांचं दुकान बरं चाललंय. हाताला जरा भाजलंय म्हणून अक्षर असं आलंय.

भाग्यश्री


९ फेब्रुवारी

नाना,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं. पोस्टात चौकशीला गेले तर खिडकीतला माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी टांग्याचं वेळापत्रक विचारतेय.

हाताला जरा भाजलंय लिहिलं होतं, ते जरा नव्हतं. तव्याच्या कडेवर तळहात टेकवून मी आईशी बोलत उभी होते. वास सुटला तेव्हा आई म्हणाली, "भाकरी करपली बघ." तव्यावर भाकरी नव्हतीच. दुकान बरं चाललंय तेही खरं नाही. हार आता आई ओवते. मी गिऱ्हाइकांशी गोड बोलते आणि फुलांवर पाणी मारते. तुमच्यापाशी लपवून काय करू, तुम्ही काही स्थळ घेऊन आलेले पाहुणे नाही.

स्थळावरून आठवलं. माझं लग्न झालं होतं, कळलं असेल किंवा नसेल. पिंपळगाव बसवंतला दिली होती. नवरा द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर, माणूस वाईट नव्हता. मुलीचा बाप पिऊन पिऊन घर सोडून गेला, हे त्यांना बैठकीतच सांगितलं होतं. ते म्हणाले, चालायचंच, घरोघरी एक असतोच. पण माझ्या हातून कपबश्या पडायला लागल्या ते काही चाललं नाही. सासूबाई म्हणायच्या, "मुद्दाम पाडती. माहेरचा माज हाय." ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, खरंच मुद्दाम पाडत असेन का मी? शेवटी नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला आला नाही. मीही वाट बघायची सोडून दिली.

तुमच्या शपथेला मी होते. खंडोबाच्या देवळात सुनीलमामाने तुमच्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवला आणि म्हणाला, "बेलभंडारा उचला आणि म्हणा, आजपासून दारूला शिवणार नाय." तुम्ही म्हणालात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, संसार लागला मार्गी. जो माणूस पीतच नाही त्याच्याकडून देवासमोर दारू सोडवून घेणारे आमच्यासारखे आम्हीच! तुम्ही होतात तसेच चालत राहिलात आणि लोक म्हणायला लागले, बेलभंडारा उचलून पितो, याचं काही खरं नाही.

मग त्या वर्षीची चंपाषष्ठी. मामाच्या अंगणात तळी भरली होती. पाच पुरुषांनी ताटाला हात लावायचा, येळकोट येळकोट करत वर उचलायचं. पाचवे तुम्ही होतात. दिवस मावळला होता. ताट वर गेलं आणि तुमच्या बाजूने निसटलं. भंडारा, खोबरं, सुपाऱ्या, सगळं अंगणभर झालं. मामाने सगळ्यांदेखत तुमच्या तोंडात मारली. तुम्ही मान खाली घालून आपल्या हाताकडे बघत राहिलात. मला वाटलं, लाज वाटतेय. भाजलं त्या दिवशी तव्यावरून हात उचलला आणि मीही तशीच बघत राहिले. तेव्हा समजलं. ताट कधी सुटलं ते तुम्हाला कळलंच नव्हतं.

सकाळी तुम्ही घरात नव्हतात. मी शाळेत गेले, कारण त्या दिवशी चाचणी होती.

या ना नाना. सुनीलमामाची आता साठी आली. त्याने मारलं ते त्याला तुमच्यासमोर आठवायला हवं.

भाग्यश्री


१२ मार्च

नाना,

तुमची वाट न बघता आईला सांगून टाकलं. दुपारी दुकानात कुणी नव्हतं, ती झेंडूचे देठ खुडत होती. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"आई, नाना पीत नव्हते."

"मंग काय करत व्हता?"

"त्यांना आजार होता. माझा आहे तोच."

"सगळ्या गावानी बघितलाय त्याला."

"पिताना बघितलं, का चालताना?"

तिने खरंच आठवून बघितलं. "चालताना," म्हणाली.

"बरं. तोंडाला वास यायचा?"

"कधीच नाय आला." मग चार देठ खुडले आणि म्हणाली, "बिनवासाची असंल. असती तशी. शहरात मिळती."

हसा नाहीतर रडा. तुमच्यासाठी आईने बिनवासाची दारू शोधून काढली आहे! मी डॉक्टरांचे कागद काढले तर म्हणाली, "ते तुझे हायेत, तुझ्या बापाचे नाय." म्हणून म्हणते, तुम्ही या. तुमचे पाय तिला समोर दिसायला हवेत. माझ्या तोंडून ती कधीच मान्य करणार नाही.

तिच्यावर चिडू नका. नवऱ्याला दारूने नेलं, या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उभी आहे. ती काढून घेतली तर तिने कशाला धरायचं?

आता माझं. परवा बसस्टॉपवरून घरी आले तर एका पायात चप्पल नव्हती. कुठे गळाली कळलं नाही. परत शोधायला निघाले तर रस्त्यावरची पोरं हसत होती, एक म्हणाला, "मावशी टाकून आली वाटतं." मी त्याला चांगलं सुनावलं, पण घरी येऊन दार लावून रडले. तुम्ही चपलांना सुतळी बांधायचात. लहानपणी मला वाटायचं, पिणारी माणसं चपला बांधतात. आता मीही बांधते.

नाना, मला फार एकटं वाटतं. आई आहे, पुंजाराम आहे, गिऱ्हाइकं आहेत, मी दिवसभर बडबडत असते. पण यातल्या कुणाचेही पाय माझ्यासारखे नाहीत. डॉक्टरांनी मोबाईलवरचा एक गट सांगितला. तिथे दिल्ली-बंगळूरची माणसं इंग्रजीत बोलतात आणि एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात. मला फुलं नको आहेत, ती घरात पोत्याने पडलेली असतात. मला विचारायचंय की पुढे काय होतं? डॉक्टर म्हणतात, प्रत्येकाचं वेगळं असतं, औषध नाही, व्यायाम करा, पायाला पट्ट्या लावा. तुम्ही माझ्या बरेच पुढे चालताय. रस्ता पुढे कसा आहे, एवढं तरी कळवा.

भाग्यश्री


नांदगाव
२७ मार्च

चि. भाग्यश्रीस,

देवरामचे आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. बोटात जोर नाही हे तुझं बरोबर, पण मनात असतं तर दातांनी फाडली असती. पेन दोन हातात धरून लिहितो. हे पत्र बऱ्याच बैठकीत लिहिलंय, तेव्हा मागचंपुढचं झालं तर समजून घे.

मी प्यायलो नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, आजपर्यंत नाही. पण एका ठिकाणी तू चुकलीस. तुला वाटतं, बापाला काय झालंय ते बापाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण पाय माहीत होते. ते माझ्या आईचे पाय होते. तुझी आजी सखुबाई, तू पाहिली नाहीस. ती शेवटी घरातल्या घरात बसून सरकत चालायची. आमच्या गावाकडं लोक म्हणायचे, घराला बाधा हाय. तेवढ्यावरून माझ्या बहिणीची, भागीबाईची, ठरलेली सोयरीक मोडली. मग दुसरी मोडली. ती माहेरीच राहिली आणि तू व्हायच्या आधीच गेली. तिचे पाय चांगले होते बरं का. तिला काहीच झालं नव्हतं.

माझी पोटरी वाळायला लागली तेव्हा तू पहिलीत होतीस. सुनीलनं एक दिवस मळ्यात गाठून विचारलं, दाजी खरं सांगा, तुम्ही पिता का. मी मिनिटभर विचार केला आणि होय म्हणालो. दारुड्याच्या पोरीला घर मिळतं. रोगाच्या घरातली पोर कोणी करत नाही. मी तेव्हा तुझे पाय बघितलेच नव्हते, चांगलेच असतील असं धरून चाललो होतो.

बेलभंडारा उचलला त्यात खोटं नव्हतं. पिणार नाही म्हणालो, प्यायलो नाही. देवाशी खोटं बोललो नाही, माणसांशी बोललो. तळी सांडली ते मात्र मनाला फार लागलं. ताट हातात आहे असंच मला वाटत होतं. मार बसल्यावर बघितलं तर हात रिकामा. त्यानंतर तिथं थांबायला तोंड राहिलं नाही.

पुढं काय होतं विचारलंस. सांगतो. आधी पोटऱ्या जातात, मग पंजे लुळे पडतात, मग हात. मला आता काठी लागते. भात चमच्यानं खातो. किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, पायजम्याला नाडीच्या जागी इलास्टिक घातलंय. थंडीत पाय निळे पडतात. पण मी अजून चालतो, कामाला जातो, माझं मी करतो. यानं जीव जात नाही, ती भीती काढून टाक. एक कर. रोज संध्याकाळी तळव्याखाली आरसा धरून बघ. मला खिळा घुसला होता आणि पाय सुजेपर्यंत मी त्याच्यावर चालत होतो.

घरी येणार नाही. ही पत्रं तुझ्या आईला दाखवू नको, काही सांगू पण नको. तिनं माझ्यावर एवढी वर्षं राग धरला. तो खोटा ठरला तर ती कोणावर रागवेल? स्वतःवर. या वयात तिला ते झेपायचं नाही. बिनवासाची म्हणते, तर म्हणू दे. इथं माझं बरं चाललंय.

तुझे पाय माझ्यासारखे निघाले हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. एवढं एक मला कळवलं नसतंस तरी चाललं असतं. पण नाही, बरं केलंस.

नाना


मखमलाबाद
४ एप्रिल

नाना,

आधी भांडण, मग बाकीचं.

होय म्हणालात! विचार मिनिटभर केलात आणि तेवढ्या मिनिटात माझं सगळं आयुष्य ठरवून टाकलंत. दारुड्याची पोर म्हणून मी शाळेत ऐकलं, फुलबाजारात ऐकलं, स्वतःच्या लग्नाच्या मांडवात ऐकलं. ते मी सोसलं, कारण ते तुमचं होतं, माझं नव्हतं. माझे होते ते हे पाय. आणि त्यांना काय होतंय हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. तो नांदगावला बसून दुसऱ्यांचे ट्रक तोलत होता. मला नवरा नको होता, नाना. आपल्या घरात पाय असेच असतात, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. मग सासूबाई माज म्हणाल्या तेव्हा मला म्हणता आलं असतं की हा माज नाही, नसा आहेत. माझं मलाच खरं वाटलं असतं.

झालं. लिहिल्यावर जरा बरं वाटलं. आत्याचं वाचून मात्र गलबलून आलं. मी तिला ओळखतही नव्हते आणि राहत होते तिच्यासारखीच.

पत्र आईला दाखवू नको म्हणालात. मी सगळं वाचून दाखवलं. सगळ्यांनी एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसून आपण काय मिळवलं ते दिसतंच आहे.

ती ओट्यावर लसूण सोलत होती. आजीचं नाव आलं तेव्हा म्हणाली, "सरकत चालायची, ते ऐकलं व्हतं मी." 'होय म्हणालो' इथपर्यंत आले आणि तिचा हात थांबला. तेवढं मला परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "सुनीलला फोन लाव." लावून दिला. मामा पलीकडून अक्का, अक्का करत होता. आई बोलली ती एवढंच, "तू मारलंस त्यांना." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली. मामा मला विचारत होता, काय झालं, कोणाला मारलं. मी म्हटलं, मामा, तूच आठव.

त्या दिवशी आई जेवली नाही. तुमचं म्हणणं खरं आहे, तिला झेपायला जड गेलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, फुलं तशीच पडून होती. मी काही बोलायला गेले तर नुसता हात हलवायची. मला वाटलं, चुकलंच माझं. म्हातारीचं होतं नव्हतं ते मी काढून घेतलं.

आज सकाळी चहा टाकताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ते हाताचं काय लिव्हलंय, ते वाच परत." मी वाचलं. काठी, चमचा, किल्ली, सगळं. ती ऐकत होती. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. गॅस मीच बंद केला.

मग वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शर्टाचं बटण लागत नाय म्हणतात. मंग लावून कोण देतं?"

मी म्हटलं, मला काय माहीत?

"विचार त्यांना," म्हणाली. "नीट विचार. कोण बाई हाय का तिथं?"

तुम्ही गेल्यापासून तुमची चौकशी म्हणून तिने विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, नाना. मी तो विचारणार नाही. तिला काय सांगायचं ते तुम्ही इथे येऊन सांगा.

भाग्यश्री